पहिली नोकरी, हातातील कागद आणि मधली सुटी

घरातील मुलाला किंवा मुलीला नोकरी लागल्याची वार्ता येते, तेव्हा आपल्या बेळगावात पहिला मान कुंद्याचा असतो. देवापुढे डबा ठेवला जातो, शेजारीपाजारी वाटप होते, आणि विचारणारे विचारतात, "पगार किती?" त्याच्यापुढचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. नेमणुकीचा कागद मिळाला काय, त्यात कामाचे तास किती लिहिले आहेत, जेवणाची सुटी कोणत्या वेळी आहे, हे विचारणे म्हणजे आलेल्या लक्ष्मीला पाय धुण्याआधी प्रश्न करणे, अशी आपली समजूत आहे. ही समजूत सोडावी, एवढ्यासाठीच हा पाठ महोत्सवाच्या या अंकात आम्ही लिहीत आहोत.

संस्थेच्या शिष्यवृत्तीवर शिकलेली मुले दरवर्षी नोकरीस लागतात. त्यांतील कित्येकांना काय सहन करावे लागते, हे आमच्या कानी वाचनालयात येते. गेल्या वर्षी एक माउली आपल्या मुलीस घेऊन आमच्याकडे आली. मुलगी पदवीधर, एका मोठ्या कापड दुकानात नुकतीच लागलेली. वेळ सकाळी दहा ते रात्री आठ, आठवड्यातून सहा दिवस. जेवणाला वेळ ठरलेला नाही; गिऱ्हाईक नसेल तेव्हा मागच्या खोलीत जाऊन वीस मिनिटांत डबा संपवायचा, आणि गिऱ्हाईक आले तर हात धुऊन बाहेर यायचे. दोन महिन्यांत तिच्या पायांना सूज येऊ लागली. एके दिवशी दुपारी चार वाजता ती साड्यांच्या फळीपाशी चक्कर येऊन बसली. आई म्हणाली, "काका, नोकरी सोड म्हणून सांगवत नाही, आणि कर म्हणूनही सांगवत नाही."

आम्ही विचारले, "बाळ, नेमणुकीचा कागद आण पाहू." कागदच नव्हता.

ही अर्ध्या तासाची सुटी आली कोठून?

दुपारची सुटी ही मालकाची मेहेरबानी नव्हे. ती मागून, झगडून मिळविलेली आहे, आणि मागणाऱ्यांत आपली मराठी माणसे पहिली होती. मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्रे चालत. १८८१ साली पहिला कारखाने कायदा झाला; त्यात मुलांना थोडे संरक्षण मिळाले, मोठ्यांच्या वाट्यास काही आले नाही. ठाण्यात जन्मलेले, 'दीनबंधु' पत्र चालविणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरविली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या अर्जात मागण्या कोणत्या होत्या? आठवड्यास एक दिवस पूर्ण सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच काम. आदल्या महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झालेल्याची सोय.

आज वाचताना या मागण्या किती लहान वाटतात! परंतु त्यासाठी सहा वर्षे लागली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम थांबविणे बंधनकारक झाले. पुढे १९२२ साली आठवड्याचे तास साठ झाले, १९३४ साली बारमाही कारखान्यांत चोपन्न, आणि १९४६ साली अठ्ठेचाळीस. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. अठ्ठेचाळीस तासांचे विधेयक त्यांच्याच कारकीर्दीतले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्यात सलग पाच तासांपेक्षा अधिक काम नको, मध्ये निदान अर्धा तास सुटी हवी, हा नियम आला. एका अर्ध्या तासामागे एवढा इतिहास आहे. तो अर्धा तास आपण संकोचाने सोडून द्यावा काय?

आज कायदा काय सांगतो?

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कारखान्याचा कायदा निराळा आणि दुकान-कचेरीचा निराळा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारच्या चार कामगार संहिता अमलात आल्या आणि एकोणतीस जुने कायदे त्यांत विलीन झाले. १९४८ चा कारखाने कायदाही त्यांतच गेला. नव्या संहितेत दिवसाचे काम आठ तास धरले आहे. मधली सुटी किती व केव्हा, हे ठरविण्याचे काम सरकारच्या अधिसूचनेवर सोपविले आहे. जादा कामाला कामगाराची संमती हवी आणि त्याचा मोबदला दुप्पट दराने हवा, हेही तीत आहे.

दुकाने, हॉटेले, कचेऱ्या यांचे कायदे मात्र राज्यांचे आहेत. आपल्या बेळगावास कर्नाटकाचा १९६१ चा दुकाने व व्यापारी आस्थापना कायदा लागतो. त्यातील मुख्य गोष्टी घरातील प्रत्येक नोकरदाराने पाठ कराव्यात, अशा आहेत :

दिवसाला नऊ तासांहून आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काम नको. जादा काम धरूनही दिवसाचे दहा तास ओलांडू नयेत, आणि तीन महिन्यांत जादा काम पन्नास तासांपुढे जाऊ नये. त्याचा मोबदला दुप्पट. सलग पाच तास काम झाले की निदान एक तासाची विश्रांती. अर्धा नव्हे, पुरा एक तास. सुटी धरून दिवसाचा सगळा पसारा बारा तासांच्या आत. आठवड्यास एक दिवस सुटी. आणि नोकरीस लागल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नेमणूकपत्र.

आपली मुले पुण्या-कोल्हापुरासही जातात. तेथे महाराष्ट्राचा कायदा. दुकाने व आस्थापनांसंबंधी महाराष्ट्राने २०१७ साली केलेल्या कायद्यात पाच तासांनंतर अर्धा तास सुटी सांगितली. पुढे कारखान्यांतील सलग कामाची मर्यादा पाचांवरून सहा तासांवर नेण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२५ साली घेतला. कर्नाटकानेही २०२३ साली कारखान्यांच्या बाबतीत तसाच बदल केला. तात्पर्य, हे आकडे बदलत असतात. म्हणून ज्या गावी नोकरी, त्या गावचा नियम नोकरी धरतानाच विचारून घ्यावा. बेळगावचा एक तास पुण्यात मागून चालणार नाही, आणि पुण्याचा अर्धा तास बेळगावात पुरेसा म्हणून स्वीकारू नये.

लेकुरवाळ्या भगिनींसाठी आणखी एक हक्क आहे. बाळंतपणाच्या रजेनंतर कामावर परतल्यावर, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, त्याला पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा जादा सुटी मिळते. ही जेवणाच्या सुटीत मोजावयाची नाही. दुकानात दिवसभर उभे राहणाऱ्यांना बसावयास जागा द्यावी, असा कायदा केरळाने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली केला. वास्तविक, एक स्टूल ठेवण्यास कायद्याची गरज पडू नये.

घड्याळाचा हिशेब

आता वरील मुलीचा हिशेब मांडू. दहा ते आठ म्हणजे दहा तास. त्यातून वीस मिनिटे वजा केली तर काम नऊ तास चाळीस मिनिटे. सहा दिवसांचे झाले अठ्ठावन्न तास. कायद्याचे अठ्ठेचाळीस, म्हणजे आठवड्यास दहा तास जास्त. तीन महिन्यांच्या तेरा आठवड्यांत हे जादा तास होतात एकशेतीस, आणि कायद्याची मर्यादा आहे पन्नास! त्यांचा दुप्पट मोबदला तर राहोच, साधाही मिळत नव्हता, कारण "आपल्याकडे पगार महिन्यावर असतो" असे तिला सांगण्यात आले होते.

या हिशेबात दोन चुका नेहमी होतात. पहिली : "दिवसाला नऊ तास चालतात ना?" चालतात, परंतु नऊ गुणिले सहा म्हणजे चोपन्न. सहा दिवसांच्या आठवड्यात रोजचे सरासरी आठ तासच बसतात. दुसरी चूक : सुटीची लांबी पाहावयाची आणि तिची वेळ पाहावयाची नाही. साडेअकराला एक तास सुटी दिली आणि साडेबारापासून सातपर्यंत उभे केले, तर सुटी तासाची असूनही पुढचे काम सलग साडेसहा तासांचे होते. ते नियमास धरून नाही. दहा-दहा मिनिटांचे चहाचे तुकडे जोडूनही एक तास होत नाही. विश्रांती सलग हवी. आणि विश्रांती म्हणजे विश्रांती. समोर डबा आणि कानाशी गिऱ्हाइकाचा फोन, याला विश्रांती म्हणत नाहीत.

येथे आम्हांस स्वतःची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्ही तीस वर्षे एका कारखान्याच्या हजेरी कचेरीत काढली. हंगाम जोरात असे तेव्हा भट्टीवरचे लोक दहा मिनिटांत भाकरी खाऊन परत जात. आणि आम्ही मात्र हजेरीपटात सर्वांच्या नावापुढे अर्ध्या तासाची सुटी लिहीत असू. वरून तसा हुकूम होता, हे खरे. परंतु लेखणी आमच्या हातात होती, हेही खरेच. तपासनीस येत, पट पाहत, समाधानाने जात. कागदावर सर्वांनी विश्रांती घेतलेली असे. त्यांपैकी एकानेही आम्हांस कधी विचारले नाही, कारण पटात काय लिहिले आहे, हे पाहण्याचा आपणांस हक्क आहे, हेच कोणास ठाऊक नव्हते. म्हणून आता वाचनालयात येणाऱ्या प्रत्येक मुलाला आम्ही सांगतो, आपल्या येण्या-जाण्याची आणि सुटीची वेळ रोज आपल्या वहीत आपल्या हाताने टिपून ठेव.

नेमणूकपत्र कसे वाचावे?

तोंडी करारही करारच असतो. परंतु तो सिद्ध करताना गरिबाची दमछाक होते. म्हणून लेखी पत्र मागावे. कर्नाटकाच्या दुकान कायद्यात ते आहेच. शिवाय दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी प्रत्येकास नेमणूकपत्र द्यावे, असे नव्या संहितेतही म्हटले आहे. पत्र मोबाईलवर आले तर ते उतरवून, छापून घरी ठेवावे. पत्र इंग्रजीत किंवा कानडीत असेल आणि नीट समजत नसेल, तर जाणत्याकडून शब्दन् शब्द वाचून घ्यावा. एक दिवसाचा अवधी मागितल्याने चांगली नोकरी जात नाही.

वाचताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

एक, मालक कोण? पाटीवर एक नाव आणि पत्रावर ठेकेदाराचे नाव असे पुष्कळदा असते. उद्या पगार अडला तर कोणाकडे जावयाचे, हे यावरून ठरते.

दोन, हुद्दा आणि काम. व्यवस्थापकीय जागेवरील माणसास दुकान कायद्याचे तासांचे संरक्षण मिळत नाही. म्हणून साध्या विक्रेत्यास 'मॅनेजर' म्हणण्याची एक चाल निघाली आहे. न्यायालये हुद्द्याचे नाव न पाहता प्रत्यक्ष काम पाहतात. तरी पत्रात आपले खरे काम लिहवून घेणे शहाणपणाचे.

तीन, पगार. मूळ पगार किती, भत्ते किती, कपात किती, आणि हातात किती पडणार? हे चार आकडे निरनिराळे असतात. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि नोकरी सोडल्यास राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत मिळावा, असा आता नियम आहे.

चार, तास, मधली सुटी आणि आठवड्याची सुटी. "कंपनीच्या नियमांप्रमाणे" एवढेच लिहिले असेल, तर ते नियम पाहावयास मागावेत.

पाच, उमेदवारीचा काळ. तो किती महिन्यांचा, आणि संपल्यावर कायम केल्याचे पत्र मिळणार काय? कर्नाटकाच्या कायद्याप्रमाणे सहा महिने सलग नोकरी झालेल्यास, गैरवर्तनाची बाब सोडल्यास, योग्य कारणावाचून आणि महिन्याच्या नोटिशीवाचून किंवा तेवढ्या पगारावाचून काढता येत नाही.

सहा, नोटीस. मालकाने पंधरा दिवसांची द्यावयाची आणि नोकराने तीन महिन्यांची, असा लंगडा करार असेल तर सहीपूर्वीच बोलावे.

सात, बाँड. "असले बाँड कोर्टात टिकत नाहीत" असे चहाच्या टपरीवर सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्यावर विसंबू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली एका सार्वजनिक बँकेचा तीन वर्षांच्या सेवेचा आणि दोन लाख रुपयांचा बाँड उचलून धरला आहे. मात्र १८७२ च्या करार कायद्यान्वये, बाँडात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते. न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते. नोकरी सोडल्यावर "अमुक वर्षे या धंद्यात कोठेही काम करणार नाही" अशी अट मात्र त्याच कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने सामान्यतः निरर्थक ठरते.

आठ, मूळ प्रमाणपत्रे. दाखवावीत, नकला द्याव्यात. मूळ कागद ठेवून देऊ नयेत. आणि कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही करू नये, मग समोरचा गृहस्थ कितीही जवळचा असो.

मागावे कसे?

हक्क ठाऊक असणे निराळे आणि तो मागता येणे निराळे. पहिल्या दिवशी कायद्याचे पुस्तक दाखविणाऱ्याची नोकरी टिकेल, असे आम्ही म्हणत नाही. प्रथम विचारावे, मग लिहावे, आणि शेवटी तक्रार करावी, हा क्रम बरा. त्या मुलीने तेच केले. तिने मालकांस एवढेच विचारले, "मालक, माझी जेवणाची वेळ कोणती धरू? घरी औषधाची वेळ त्याप्रमाणे ठेवायची आहे." मालक वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून जे चालत आले, तेच ते चालवीत होते. पहिल्या खेपेस त्यांनी हसून टाळले. दुसऱ्या खेपेस तिने अर्ध्या पानाचे विनंतीपत्र दिले. त्यात आणखी चौघींनी सह्या केल्या. मग आम्ही दोघे वडीलधारे जाऊन बसलो, आणि कागदावर दोन पाळ्या मांडून दाखविल्या : अर्धी माणसे दहा ते सात, सुटी एक ते दोन, अर्धी अकरा ते आठ, सुटी दोन ते तीन. दुकान एक मिनिटही बंद ठेवावे लागत नाही, कोणाचेही काम सलग पाच तासांपुढे जात नाही, आणि प्रत्येकाचे आठवड्याचे तास बरोबर अठ्ठेचाळीस भरतात. मालकांनी तो कागद बराच वेळ पाहिला. पुढील महिन्यापासून पाळ्या सुरू झाल्या, नेमणूकपत्रेही मिळाली. मागील जादा तासांचे पैसे मात्र मिळाले नाहीत. कारण लिहिलेले कोठेच काही नव्हते.

सर्वच मालक असे ऐकतात, असे नव्हे. न ऐकल्यास कामगार खात्याच्या निरीक्षकाकडे लेखी तक्रार करता येते. जिल्हा कायदेविषयक सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळू शकतो. स्त्रियांना तर त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन केल्यास मार्गदर्शन मिळते. तक्रार करताना वहीतील नोंदी, पगाराच्या पावत्या आणि पत्राची नक्कल जवळ असावी.

आपल्या दाराशी

हा पाठ लिहून झाल्यावर आम्ही सहज संस्थेच्या कचेरीत गेलो आणि विचारले, आपल्या मंगल कार्यालयाच्या रखवालदाराचे नेमणूकपत्र कोठे आहे? बराच शोध झाला. पत्र नव्हते. बावीस वर्षे हा माणूस आपल्या मुलामुलींच्या लग्नांत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मंडपाच्या दाराशी उभा राहिला आहे. पंगती उठेपर्यंत त्याला जेवावयास कोणी सांगत नाही. यात कोणाची दुष्टबुद्धी नाही. तो "आपलाच माणूस" आहे, म्हणून कोणी लिहून ठेवले नाही. त्या दुकानदारांनीही आम्हांस हेच शब्द सांगितले होते, "या मुली आमच्या घरच्यासारख्याच आहेत."

दुकान कायदा आपल्या संस्थेस लागू होतो किंवा नाही, याचा खल वकिलांनी करावा. तो आपण होऊन स्वतःस लावून घेण्यास मात्र कोणाची मनाई नाही. कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे की, महोत्सवाच्या मुख्य समारंभात पाहुण्यांना शाल-श्रीफळ देण्याआधी रखवालदार, स्वयंपाकीण आणि झाडलोट करणारी बाई या तिघांच्या हाती नेमणूकपत्रे द्यावीत, आणि त्यांत त्यांच्या जेवणाची वेळ स्पष्ट लिहावी. त्या दिवशी पहिली पंगत बसेल, तेव्हा दाराशी थोडा वेळ आम्ही उभे राहू.